नैसर्गिक वायू ‘५० वर्षे पुरेल’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न असा आहे : जगातला नैसर्गिक वायू आणखी सुमारे ५० वर्षे पुरेल, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग ५० वर्षांनी तो संपणार का? आणि संपणारच असेल, तर आज वायूवर चालणारी वीजकेंद्रे आणि पाइपलाइन उभारण्यात अर्थ आहे का?

आधी थेट उत्तर देतो. ५० वर्षांनी वायू संपणार नाही. त्याचा वापर त्याच्या आतच उतरणीला लागू शकतो, पण जमिनीखाली वायू उरला नाही म्हणून नव्हे. तो काढण्याचा खर्च, दूर नेण्याचा खर्च, वाटेत गळणारा मिथेन आणि वीज बनवण्याचे स्वस्त होत चाललेले इतर मार्ग, या चार गोष्टी त्याचे भवितव्य ठरवतील. तरीही सुरुवात साठ्याच्या आकड्यापासूनच करायला हवी, कारण बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

हा ५० चा आकडा साध्या भागाकारातून येतो. बीपी कंपनीच्या वार्षिक सांख्यिकीनुसार २०२० च्या अखेरीस जगातले वायूचे सिद्ध साठे सुमारे १८८ लाख कोटी घनमीटर होते आणि त्या वर्षीचे उत्पादन ३.८५ लाख कोटी घनमीटर. भागाकार ४८.८. याच हिशेबाने खनिज तेलाचे ५३ वर्षे आणि कोळशाचे १३९ वर्षे निघत होते. या भागाकारात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत : साठ्यात नवी भर पडणार नाही, वापर आहे तेवढाच राहील, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्याच वेगाने वायू निघत राहील. यातले एकही खरे नाही. वापर दरवर्षी फक्त २ टक्क्यांनी वाढला, तरी त्या ४८.८ वर्षांची ३४ होतात. उलट, १९८० मध्ये तेलाला हाच भागाकार लावला असता उत्तर ३० वर्षांच्या आसपास आले असते. त्यानंतर चाळीस वर्षे तेल भरपूर वापरले गेले आणि आकडा ५३ वर गेला.

देशवार पाहिले तर हा आकडा किती फसवा आहे ते आणखी स्पष्ट होते. त्याच वर्षी इराणचा भागाकार सुमारे १२८ वर्षे होता आणि अमेरिकेचा जेमतेम १४. तरीही जगातला सर्वांत मोठा वायू उत्पादक अमेरिका आहे, आणि २०२३ पासून द्रवरूप वायूचा सर्वांत मोठा निर्यातदारही. इराणकडे अडीच पट साठा असूनही त्याची निर्यात तुटपुंजी, कारण घरचाच वापर प्रचंड आहे आणि निर्बंधांमुळे द्रवीकरणाचे तंत्र व भांडवल मिळत नाही. अमेरिकेतले १४ हे गोदामात पुढच्या काही वर्षांपुरताच तयार माल ठेवावा तसे आहे. विहिरी खणल्या जातात तसा साठा ‘सिद्ध’ होत जातो. त्याआधी तो सिद्ध करण्यात पैसा घालायचे कंपन्यांना कारण नसते.

साठा या शब्दाची व्याख्याच मुळात आर्थिक आहे. जमिनीखाली असलेला सगळा वायू म्हणजे साठा नव्हे. सापडलेला, आजच्या तंत्राने काढता येणारा, आजच्या दरात परवडणारा आणि ज्याच्या विकासाचा पक्का आराखडा आहे असाच वायू साठ्यात धरतात. तो निघण्याची शक्यता किमान ९० टक्के असेल तर ‘सिद्ध’, ‘संभाव्य’ वायू मिळवून शक्यता ५० टक्के भरत असेल तर दुसरा आकडा, आणि ‘शक्य’ वायूही मिळवून १० टक्के असेल तर तिसरा. एकाच क्षेत्राचे हे तीन आकडे दुपटी-तिपटीने वेगळे असू शकतात. म्हणून बातमीत ‘अमुक इतका साठा सापडला’ असे वाचले की पहिला प्रश्न विचारायचा : या तिघांपैकी कोणता? बहुतेक वेळा तो यांपैकी एकही नसतो. तो जागेवरचा एकूण वायू असतो, म्हणजे ज्यातला किती बाहेर येईल हे अजून ठरायचे आहे असा.

जागेवरचा वायू मोजायची पहिली पद्धत आकारमानाची. क्षेत्रफळ, वायूधारक थराची निव्वळ जाडी, खडकाची सच्छिद्रता आणि छिद्रांतला पाण्याचा वाटा वगळून उरलेला भाग, यांचा गुणाकार करायचा आणि वायू पृष्ठभागावर आल्यावर किती पट फुगतो त्याने पुन्हा गुणायचे. समजा क्षेत्र ५० चौरस किलोमीटर, जाडी ३० मीटर, सच्छिद्रता १५ टक्के आणि पाणी ३० टक्के. ३०० बार दाब आणि ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल तर वायू सुमारे २३५ पट फुगतो. उत्तर येते सुमारे ३,७०० कोटी घनमीटर. आता क्षेत्रफळ ५० ऐवजी ४०, सच्छिद्रता १२ टक्के आणि पाणी ४० टक्के धरा. पहिल्या दोन-तीन विहिरींच्या माहितीवर इतका फरक अगदी सहज पडतो. उत्तर २,०३० कोटींवर येते. एकही चूक ढोबळ नाही, पण तीन छोट्या चुका एकाच दिशेने गेल्या की साठा जवळजवळ निम्मा होतो.

दुसरी पद्धत उत्पादन सुरू झाल्यावरची, आणि ती जास्त विश्वासाची. वायू काढला की भूगर्भातला दाब घटतो. दाबाला वायूच्या संपीड्यता गुणांकाने (वायूचे वागणे आदर्श वायूपेक्षा किती वेगळे आहे ते सांगणाऱ्या संख्येने) भागून येणारी संख्या आणि आजवर काढलेला वायू यांचा आलेख काढला, तर बंदिस्त क्षेत्रात सरळ रेषा मिळते. ती रेषा शून्य दाबापर्यंत वाढवली की जागेवरचा वायू कळतो. उदाहरणार्थ, सुरुवातीला ही संख्या ३०० बार होती आणि १,००० कोटी घनमीटर काढल्यावर २७० झाली, तर जागेवरचा वायू १०,००० कोटी घनमीटर. विहिरी सोडून द्यायची पातळी ६० बार धरली तर त्यातला ८,००० कोटी हाती येईल.

याच ठिकाणी एक नेहमीची चूक होते. खालून किंवा बाजूने पाणी आत शिरत असेल तर ते दाब धरून ठेवते. वरच्या उदाहरणात संख्या २७० ऐवजी २८० वर थांबली, तर तोच आलेख १५,००० कोटी दाखवतो. प्रत्यक्षात वायू तेवढाच असतो, आणि हाती येणारा उलट कमी असतो, कारण पुढे सरकणारे पाणी छिद्रांत वायू कोंडून ठेवते. कोरड्या, बंदिस्त क्षेत्रातून ८० टक्क्यांच्या वर वायू निघू शकतो. पाण्याचा रेटा जोरदार असेल तर ५० ते ६० टक्क्यांवरच थांबावे लागते. म्हणून दाब ‘छान टिकून आहे’ असे कळल्यावर खूश होण्याआधी विहिरींतून येणाऱ्या पाण्याचे प्रमाण आणि त्यातली क्षारता तपासावी. वायूबरोबर वाफेच्या रूपात येऊन वर सांडणारे पाणी जवळजवळ गोडे असते. क्षार वाढू लागले की थरातले पाणी विहिरीपर्यंत पोहोचले असे समजावे.

जाहीर साठ्यांत राजकारण आणि हिशेबाचे नियमही मिसळलेले असतात. १९८० च्या दशकात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतल्या अनेक देशांनी मोठा शोध लागलेला नसतानाही आपले तेलसाठे एका झटक्यात वाढवून दाखवले. उत्पादनाचा वाटा ठरवताना साठा विचारात घेतला जाण्याची चर्चा तेव्हा होती. जानेवारी २००४ मध्ये शेल कंपनीने आपल्या सिद्ध साठ्यातले ३.९ अब्ज बॅरल, म्हणजे सुमारे एक पंचमांश, त्या वर्गातून काढून टाकले. जमिनीखाली काहीच बदलले नव्हते, वर्गवारी चुकली होती.

शेल वायूने, म्हणजे शेल नावाच्या दाट, थरांच्या खडकात अडकलेल्या वायूने (वरच्या कंपनीशी या नावाचा संबंध नाही), हा सगळा हिशेब नव्याने मांडायला लावला. नेहमीच्या वाळुकाश्मात छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात आणि वायू आपोआप विहिरीकडे वाहतो. शेलमध्ये वायू भरपूर, पण वाट नाही. जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने टेक्सासमधल्या बार्नेट शेलमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस महागड्या दाट जेलऐवजी घर्षण कमी करणारे थोडे रसायन घातलेले पाणी दाबाने सोडून खडक फोडायचे तंत्र जमवले. पुढे त्याला आडव्या विहिरींची जोड मिळाली. आजच्या विहिरी खाली गेल्यावर दोन-तीन किलोमीटर आडव्या जातात, ठरावीक अंतराने टप्पे पाडून खडक फोडतात, आणि एका विहिरीला हजारो टन वाळू व कोट्यवधी लिटर पाणी लागते.

पण अशा विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात ६० ते ७० टक्क्यांनी कोसळते. पहिल्या सहा महिन्यांच्या आकड्यांवरून एकूण साठा काढणारा हमखास तोंडघशी पडतो. दुसरी अडचण विहिरींतल्या अंतराची. जुन्या विहिरीजवळ नवी खणली की नव्या फटी दाब उतरलेल्या जुन्या भागाकडेच पळतात. नवी विहीर कमी देते आणि कधी कधी जुनीत पाणी व वाळू शिरून तीही बिघडते. त्यामुळे ‘एका विहिरीचे उत्पादन गुणिले नकाशावर मावतील तेवढ्या विहिरी’ हा हिशेब चुकीचा आहे. शेलमधून जागेवरच्या वायूपैकी साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश निघतो, हेही लक्षात ठेवावे.

एका देशातले यश दुसरीकडे तसेच्या तसे उचलता येत नाही, हे पोलंडमध्ये दिसले. २०११ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने तिथे ५.३ लाख कोटी घनमीटर शेल वायू काढता येईल असा अंदाज दिला. पुढच्याच वर्षी पोलंडच्या भूगर्भ संस्थेने तो साधारण ०.३५ ते ०.७७ लाख कोटींवर आणला. सुमारे ७० विहिरी खणून झाल्या, वायू सापडला, पण परवडेल इतका वाहिला नाही, आणि कंपन्या निघून गेल्या.

समुद्रतळाखालचे मिथेन हायड्रेट हे त्याहून मोठे आणि त्याहून दूरचे प्रकरण. बर्फाच्या जाळीत मिथेन अडकलेला असतो आणि एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६० घनमीटर वायू सुटतो. जपानने २०१३ मध्ये नानकाई खंदकात समुद्रातली पहिली चाचणी घेतली. सहा दिवसांत वाळू विहिरीत शिरली आणि काम थांबले. हायड्रेटच तिथल्या वाळूला धरून ठेवत असतो. तो वितळला की वाळू सैल होते. ही अडचण मूळ रचनेतली असल्यामुळे पुढच्या २० वर्षांच्या कोणत्याही आराखड्यात हायड्रेट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जमिनीवर येऊ. तेल बादलीतूनही नेता येते. वायूचे तसे नाही. तेवढ्याच जागेत त्यात तेलाच्या मानाने हजार पटींनी कमी ऊर्जा असते, म्हणून तो एकतर दाबाने पाइपमधून न्यावा लागतो किंवा उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप, म्हणजे एलएनजी, करावा लागतो. तेव्हा त्याचे आकारमान सहाशेव्या भागावर येते. द्रवीकरणाआधी वायू कमालीचा स्वच्छ करावा लागतो. कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ५० भागांच्या खाली आणि पाणी दहा लाखांत एका भागाच्याही खाली, नाहीतर दोन्ही गोठून नळ्या बंद करतात. पारा तर घनमीटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅमच्या आत आणतात, कारण पारा ॲल्युमिनियमच्या शीत उष्णता-विनिमयकाला आतून पोखरतो. बेंझिनसारखी जड संयुगे राहिली तर तीही गोठतात आणि दाबातली तफावत हळूहळू वाढत जाते. वनस्पतिजन्य मेणासारखा थर साचावा तसा हा प्रकार असतो, एकदम बंद पडत नाही, म्हणून तो उशिरा लक्षात येतो.

या सगळ्यात आत येणाऱ्या वायूपैकी सुमारे ८ ते १० टक्के वायू द्रवीकरणातच खर्च होतो. जहाजाच्या टाकीतला द्रव रोज ०.१ टक्क्याच्या आसपास उकळत राहतो. तो वायू जहाजाच्या इंजिनात वापरतात किंवा पुन्हा द्रवरूप करतात. द्रवीकरण प्रकल्प उभारायला चार-पाच वर्षे लागतात आणि तो दशकानुदशके चालला तरच पैसा निघतो. म्हणून वायूचा जगभर एक भाव कधीच नसतो. ऑगस्ट २०२२ मध्ये युरोपात वायू मेगावॅट-तासाला ३०० युरोंच्या वर गेला होता, तेव्हा अमेरिकेत तो त्याच्या काही अंशालाच मिळत होता. अमेरिकेत वायू होता, पण तो द्रवरूप करण्याची आणखी क्षमता नव्हती. साठा असणे आणि पुरवठा होणे यांत एवढे अंतर असते.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने तिसरीच बाजू दाखवली. १९५९ मध्ये सापडलेल्या या प्रचंड क्षेत्रात दाब उतरल्यावर खडक दबला, जुने भ्रंश सरकले आणि जमीन हादरू लागली. २०१२ मध्ये हुइझिंगे इथे ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तीव्रता लहान, पण केंद्र उथळ आणि घरे विटांची, त्यामुळे हजारो घरांना तडे गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवले, तेव्हाही खाली लाखो कोटी नसला तरी हजारो कोटी घनमीटर वायू शिल्लक होता.

आता मिथेन गळतीकडे येतो. वायूच्या भवितव्याचा सर्वांत कच्चा दुवा हाच आहे आणि दुरुस्त करायला सर्वांत सोपाही. एक किलो मिथेन जाळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोच किलो न जळता हवेत गेला, तर २० वर्षांच्या हिशेबात तो सुमारे ८२ किलो आणि १०० वर्षांच्या हिशेबात सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतके हवामान तापवतो. म्हणजे वाटेत ३ टक्के गळती झाली, तर २० वर्षांच्या हिशेबात वायूचा हवामानावरचा भार जवळजवळ दुप्पट होतो.

विजेच्या युनिटमागे मांडून पाहू. संयुक्त चक्राच्या, म्हणजे वायू टर्बाइनच्या धुरातल्या उष्णतेवर वाफेचे टर्बाइनही चालवणाऱ्या, ५८ टक्के कार्यक्षमतेच्या वायू केंद्रातून युनिटमागे सुमारे ३५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. ३८ टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा केंद्रातून सुमारे ९०० ग्रॅम. गळती ५ टक्क्यांच्या आसपास गेली की २० वर्षांच्या हिशेबात ही आघाडी संपते. पण वायू साध्या, म्हणजे एकाच चक्राच्या ३६ टक्के कार्यक्षमतेच्या टर्बाइनमध्ये जाळला तर युनिटमागे ५६० ग्रॅम निघतात आणि केवळ २ टक्के गळतीतच तो कोळशाच्या बरोबरीला येतो. कोळसा खाणींतूनही मिथेन सुटतो. तो धरला तर दोन्ही मर्यादा थोड्या वर सरकतात. ‘वायू कोळशापेक्षा निम्मा स्वच्छ’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणत्या यंत्रात जाळला आणि किती गळला, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

गळते कुठे? पाइपला पडलेले भोक हे चित्र डोळ्यांसमोर येते, पण खरी ठिकाणे साधी असतात. वायूच्याच दाबावर चालणारे नियंत्रक झडपेच्या प्रत्येक हालचालीला थोडा वायू हवेत सोडतात. त्यांना दाबयुक्त हवा किंवा वीज जोडली की हा प्रश्न संपतो. केंद्रापसारी कॉम्प्रेसरच्या तेलाच्या सीलमध्ये वायू विरघळतो आणि तेल शुद्ध करताना बाहेर पडतो. तिथे कोरडे सील बसवावे. पिस्टनच्या कॉम्प्रेसरमध्ये दांड्याचे पॅकिंग झिजते. ते ठरावीक तासांनी बदलावे, आवाज येईपर्यंत थांबू नये. टाक्यांची वरची झाकणे नीट न बसणे आणि विझलेली फ्लेअर, म्हणजे नको असलेला वायू जाळून टाकणारी उंच मशाल, ही आणखी दोन. विझलेल्या फ्लेअरमधून ज्वाळा दिसत नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते आणि तेवढा वेळ सगळा वायू तसाच वर जात असतो.

एक कारण थेट विहिरीच्या वयाशी जोडलेले आहे. विहीर म्हातारी झाली, वेग मंदावला की वायूबरोबर येणारे पाणी वर ढकलले जात नाही, नळीत साचते आणि विहीर गुदमरते. ती मोकळी करायचा जुना उपाय म्हणजे तोंड हवेत उघडणे. वायूच्या झोताबरोबर पाणी उडते आणि मिथेनही. त्याऐवजी आत लहान व्यासाची नळी सोडून वेग वाढवावा, फेस करणारे रसायन घालावे किंवा प्लंजर बसवावा. प्लंजर पाण्याचा खांब उचलून वर आणतो आणि वायू पाइपमध्येच राहतो.

मोजमापांत वारंवार एक गोष्ट दिसली आहे : गळणाऱ्या ठिकाणांपैकी सर्वांत मोठी ५ टक्के ठिकाणे एकूण गळतीच्या निम्म्याहून अधिक भाग सोडतात. त्यामुळे सरासरी गुणांक लावून कागदावर काढलेली गळती जवळपास नेहमीच कमी निघते. इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष फिरणे, मोठी गळती दिसली की काही दिवसांत बंद करणे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणे, एवढे केले तरी फरक पडतो. कॅलिफोर्नियातल्या ॲलिसो कॅन्यन इथे २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या साठवण विहिरीची नळी गंजून फुटली. ती बंद करायला जवळपास चार महिने लागले आणि तोवर सुमारे एक लाख टन मिथेन निसटला. विहीर १९५० च्या दशकातली होती आणि नळीच्या बाहेरच्या गंजाची तपासणी वेळेवर झालेली नव्हती.

मग विजेचे काय? सौर आणि पवन वीज स्वस्त झाल्यावर वायू केंद्राचे काम बदलते. वर्षातले ६० टक्के तास चालणारे केंद्र १५-२० टक्के तास चालते, पण संध्याकाळी किंवा वारा पडलेल्या आठवड्यात ते हवेच असते. चार तासांची बॅटरी संध्याकाळ निभावते. सलग पाच दिवस ढग आणि शांत हवा असेल तर ती पुरत नाही. म्हणजे वायू कमी जळेल, पण तो जाळण्याची क्षमता तेवढीच उभी ठेवावी लागेल. ही गोष्ट मला पुढच्या ३० वर्षांची मध्यवर्ती गोष्ट वाटते आणि तिच्या अडचणी आतापासूनच दिसत आहेत.

पहिली अडचण यंत्राची. सतत चालण्यासाठी बांधलेले केंद्र रोज सुरू-बंद केले की उष्णता वसुली बॉयलरच्या जाड भिंतींच्या ड्रमला आणि हेडरच्या जोडांना तडे जातात, कारण पातळ नळ्या पटकन तापतात आणि जाड भाग मागे राहतो. टर्बाइनचे आयुष्य तासांत नाही, सुरू करण्याच्या संख्येत मोजावे लागते. नवे केंद्र घेताना एकदम गरम सुरुवात, कोमट सुरुवात आणि थंड सुरुवात यांचे वेळ आणि मर्यादा करारात लिहून घ्याव्यात. कमी भारावर चालवताना नायट्रोजन ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतात. बहुतेक मोठी टर्बाइने ४०-५० टक्के भाराच्या खाली प्रदूषण मर्यादेत राहत नाहीत, म्हणून तो किमान भारही विचारावा.

दुसरी अडचण कराराची. वायूच्या दीर्घ करारांत ठरलेल्यापैकी मोठा भाग, बहुधा ८०-९० टक्के, उचला नाहीतर पैसे तरी भरा, अशी अट असते. वर्षाला किती तास चालेल हे माहीत नसलेल्या केंद्राला ती गळ्यातला धोंडा ठरते. उपाय म्हणजे साठवण आणि कमी हमीचे, थोडे महाग करार. साठवण रिकाम्या झालेल्या वायूक्षेत्रांत स्वस्त पडते, पण तिथे एकूण वायूच्या निम्मा वायू दाब टिकवण्यासाठी कायमचा आत ठेवावा लागतो आणि वायू हळू निघतो. मिठाच्या गुहांत हे प्रमाण २०-३० टक्के असते आणि वायू झटकन काढता येतो, म्हणून विजेच्या गरजेला त्या जास्त योग्य.

तिसरी अडचण वायू आणि वीज एकमेकांवर अवलंबून असण्याची. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीने वायूविहिरींची तोंडे गोठली आणि वीजकेंद्रांना वायू कमी पडला. भार कमी करताना काही वायू संकलन आणि कॉम्प्रेसर केंद्रांचीही वीज तोडली गेली, कारण अत्यावश्यक यादीत त्यांची नोंदच नव्हती. त्यामुळे वायू आणखी घटला, लाखो घरे अंधारात गेली, २०० हून अधिक माणसे मेली. आपल्या वायूपुरवठ्याच्या वाटेवरचे प्रत्येक विद्युत कॉम्प्रेसर कोणत्या फीडरवर आहे, ही यादी प्रत्येक वीजकेंद्राकडे असायला हवी.

विजेपेक्षा उद्योगांतला वायू हलवणे अवघड आहे. एक टन अमोनिया बनवायला सुमारे ८०० घनमीटरहून अधिक वायू लागतो, त्यातला मोठा भाग इंधन म्हणून नव्हे तर हायड्रोजनचा कच्चा माल म्हणून. जगातले खत या प्रक्रियेवर उभे आहे. काचभट्टी आणि सिरॅमिक भट्टीलाही वायूची एकसारखी ज्वाळा लागते. हायड्रोजन पाइपलाइनमध्ये मिसळण्याबद्दल फार बोलले जाते. आकारमानाने २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी ऊर्जेतला त्याचा वाटा फक्त ७ टक्के असतो, कारण तेवढ्याच जागेत हायड्रोजनमध्ये मिथेनच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी ऊर्जा मावते. त्यासाठी जुन्या पोलादाचे ठिसूळ होणे, मीटर आणि बर्नर बदलणे, एवढा खटाटोप करावा लागतो. हा पैसा गळती थांबवण्यात घातला तर हवामानाला जास्त फायदा होतो.

कार्बन पकडून पुरणे वायूच्या बाबतीत दोन वेगळ्या ठिकाणी येते आणि ती एकत्र धरू नयेत. विहिरीतून येणाऱ्या वायूतला कार्बन डायऑक्साइड वेगळा करून पुरणे तुलनेने सोपे. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात हे १९९६ पासून चालू आहे. वीजकेंद्राच्या धुरातून तो पकडणे कठीण, कारण वायू टर्बाइनच्या धुरात तो जेमतेम ४ टक्के असतो, कोळशाच्या धुरात १२-१४ टक्के. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पात पुरण्याची क्षमता ठरल्यापेक्षा बरीच कमी राहिली. कार्बन डायऑक्साइड सोडायच्या थरातला दाब उतरवण्यासाठी तिथले पाणी काढायचे होते आणि ती व्यवस्था वाळूने अडली. कार्बन पुरायच्या जागेचीही वायूक्षेत्राइतकीच तपासणी लागते, हे त्यातून दिसले.

हवामानाच्या मर्यादेचा हिशेब तर साठ्याच्या प्रश्नाला उलटाच करतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासानुसार तापमानवाढ २ अंशांच्या आत ठेवायची, तर २०५० पर्यंत तेलसाठ्यांचा एक तृतीयांश, वायूसाठ्यांचा निम्मा आणि कोळशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जमिनीतच राहायला हवा. तरीही आज चालू क्षेत्रांचे उत्पादन शिखर ओलांडल्यावर वर्षाला ५ ते ७ टक्क्यांनी आपोआप घटते. म्हणून ‘साठे भरपूर आहेत, नव्या विहिरी कशाला’ आणि ‘मागणी वाढतेय, हवे तेवढे प्रकल्प उभारा’ ही दोन्ही टोके मला चुकीची वाटतात. मागणी त्या ५-७ टक्क्यांच्या वेगाने उतरत असेल तर नवे क्षेत्र लागत नाही. त्याहून हळू उतरत असेल तर लागते. हे दरवर्षी मोजून ठरवण्याचे काम आहे.

आता वायूवर पैसा लावू पाहणाऱ्यासाठी माझी फूटपट्टी. प्रकल्प ४० वर्षांच्या नव्हे, १५ वर्षांच्या परतफेडीवर टिकतो का ते पाहावे. वापर निम्म्यावर आला तरी कर्ज फिटते का ते पाहावे. द्रवरूप वायू उतरवण्याची जेट्टी कायमची बांधण्यापेक्षा तरंगते साठवण जहाज भाड्याने घेणे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे, कारण गरज संपली की ते परत देता येते. वायू पुरवणाऱ्याकडून मोजलेली गळती मागावी, अंदाजाची नव्हे. आणि विहीर बंद करायचा खर्च पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवलेला आहे का, हे विचारावे.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित राहतो. विहीर बंद करताना वायूच्या थरासमोर आणि वरच्या गोड्या पाण्याच्या थराखाली सिमेंटचे लांब खुंट भरतात, प्रत्येक खुंटाची दाब देऊन आणि वरून वजन टेकवून परीक्षा घेतात, मग जमिनीखाली एक-दोन मीटरवर नळी कापून झाकण जोडतात. चूक होते ती नळीबाहेरच्या जुन्या सिमेंटमध्ये. मूळ बांधणीच्या वेळी खणताना वापरलेला चिखल नीट धुतला गेला नसेल तर तिथे बारीक वाट उरते आणि आतला खुंट कितीही चांगला असला तरी वायू बाहेरून वर येतो. त्यासाठी सिमेंटची ध्वनिलहरींनी तपासणी करून, गरज पडेल तिथे नळी कापून किंवा भोके पाडून बाहेरच्या बाजूला पुन्हा सिमेंट भरावे लागते. नळ्यांमधल्या जागेत दाब पुन्हा चढत नाही हे काही आठवडे पाहावे आणि मगच झाकण जोडावे.